वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी



आज ज्या विषयावर मी आपल्याशी बोलणार आहे तो विषय मशिदीच्या मिंबरवरून सहसा ऐकू येत नाही. तरीही त्याची सुरुवात एका मशिदीतच झाली, आणि ती माझ्याच चुकीने झाली. म्हणून आधी ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक विधवा भगिनी आपल्या तरुण मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. पुण्याच्या एका जुन्या पेठेत त्यांच्या पतीचे भावांबरोबर सामाईक घर होते. पतीच्या निधनानंतर दिरांनी त्यांचा आणि मुलांचा हिस्सा नाकारला. समजुतीचे सर्व मार्ग संपले होते. "मौलाना, एखादा भरवशाचा वकील सांगा," एवढीच त्यांची विनंती होती. मी क्षणभरही विचार न करता एका वकिलांचे नाव दिले. ते पहिल्या सफमध्ये नमाज पढत, रमजानमध्ये इफ्तारसाठी सढळ हाताने देत, बोलायला मृदू होते. यापलीकडे त्यांच्याविषयी मला काहीही माहीत नव्हते.

दोन वर्षांनी तोच मुलगा पुन्हा आला. या काळात दर वेळी "पुढची तारीख पडली आहे" हे एकच उत्तर त्याला मिळत होते. अखेर एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच मोबाइलवर दाव्याची स्थिती पाहिली. वादी आणि त्यांचे वकील हजर नसल्यामुळे दावा चौदा महिन्यांपूर्वीच काढून टाकण्यात आला होता. घराची मूळ कागदपत्रे वकिलांकडे होती आणि वकील फोन उचलत नव्हते. मुलगा माझ्यावर रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "अम्मी म्हणतात, मौलानांनी सांगितले होते म्हणून आम्ही विचारले नाही."

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:८५) अल्लाहने शिफारशीचा नियम सांगितला आहे. जो चांगली शिफारस करील त्याला तिच्या पुण्यात वाटा आहे आणि जो वाईट शिफारस करील त्याला तिच्या ओझ्यात वाटा आहे. मी हे वचन कितीतरी वेळा शिकवले होते. पण शिफारस हीसुद्धा एक अमानत आहे, हे मला त्या दिवशी समजले.

हजरत उमर (रजि.) यांचा प्रश्न

दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकदा एक साक्षीदार उभा होता. त्याला ओळखणारा कोणी आहे का, असे विचारल्यावर एक जण म्हणाला की मी ओळखतो, तो सज्जन आहे. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तीन प्रश्न विचारले. तू त्याच्या शेजारी राहिला आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? त्याच्याशी दिरहम-दीनारचा व्यवहार केला आहेस का? तिन्ही प्रश्नांना उत्तर नकाराचे आले. तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की, मग तू बहुधा त्याला मशिदीत मान खाली-वर करताना पाहिले असशील, तू त्याला ओळखत नाहीस.

येथे नमाजचे महत्त्व कमी केलेले नाही. नमाज बंदा आणि त्याचा पालनकर्ता यांच्यातील बाब आहे. माणसाच्या हाती दुसऱ्याचा हक्क सोपवायचा असेल, तर त्याचा व्यवहार पाहिला पाहिजे, हे यातून शिकवले आहे. मी नेमके ते केले नव्हते, आणि आपल्यापैकी अनेकजण तसेच करतात. आपल्या गावचा, आपल्या बिरादरीचा, दाढीवाला, किंवा मेहुण्याचा मित्र, अशा ओळखीवर आपण वकीलपत्रावर सही करतो. वीस हजारांचा फोन घेताना चार दुकाने फिरणारा माणूस वडिलोपार्जित घराचा दावा पाच मिनिटांत कोणाच्याही हाती देतो.

वकील या शब्दाचा भार

वकील हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो कोठून आला याचा आपल्याला विसर पडला आहे. दावा, फिर्याद, अर्ज, सनद, तारीख, जामीन हे शब्द जसे अरबी-फारसीतून मराठीच्या दरबारी भाषेत आले, तसाच हाही आला. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी. १७९२ साली याच पुण्यात महादजी शिंदे यांनी मोगल बादशहाकडून आणलेली वकील-ए-मुतलक ही पदवी सवाई माधवराव पेशव्यांना समारंभपूर्वक अर्पण केली होती.

परंतु मुस्लिमासाठी या शब्दाला त्याहून मोठा अर्थ आहे. अल-वकील हे अल्लाहच्या शुभनामांपैकी एक आहे. ज्याच्यावर आपले काम पूर्णपणे सोपवावे आणि जो ते कधीही वाया जाऊ देत नाही, तो वकील. आपले धर्मशास्त्र मानवी वकिलाला अमीन, म्हणजे अमानत सांभाळणारा, मानते. पक्षकाराचा पैसा, त्याचे कागद, त्याचे गुपित आणि त्याचा वेळ या चारही गोष्टी वकिलाच्या हाती अमानत असतात.

वकील नेमणे हे अविश्वासाचे किंवा भांडखोरपणाचे लक्षण नाही. हजरत अली (रजि.) यांच्यासारख्या ज्ञानी आणि वक्तृत्वसंपन्न सहाबींनीही वाद-तंट्यांच्या कामी आपले बंधू अकील (रजि.) यांना आणि नंतर पुतणे अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांना आपला वकील नेमले होते. हजरत मूसा (अलै.) यांनी फिरऔनच्या दरबारी जाताना अल्लाहकडे आपल्याहून अधिक स्पष्ट बोलणारे बंधू हारून (अलै.) यांची सोबत मागितली होती. आपले म्हणणे नीट मांडता यावे म्हणून सक्षम माणसाची मदत घेणे ही पैगंबरांची रीत आहे.

दोन कसोट्या: सामर्थ्य आणि अमानत

मग निवड कशी करावी? सूरह कसस (२८:२६) मध्ये याचे उत्तर एका मुलीच्या तोंडून आले आहे. मदयनच्या विहिरीवर मूसा (अलै.) यांनी तिच्या जनावरांना पाणी पाजले होते. तिने वडिलांना सल्ला दिला की याला कामावर ठेवा. कामावर ठेवण्यास सर्वोत्तम तोच, जो बलवानही आहे आणि विश्वासूही. कवी आणि अमीन हे दोन शब्द एकत्र आले आहेत आणि त्यांना वेगळे करता येत नाही. प्रामाणिक पण कायदा न जाणणारा वकील आपला दावा चांगुलपणाने बुडवील. हुशार पण अप्रामाणिक वकील तो आपल्यासह विकून टाकील.

आणि या दोन कसोट्यांत धर्म किंवा जात यांची तिसरी कसोटी नाही. हिजरतच्या रात्री, जेव्हा मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या जिवावर उठले होते, तेव्हा वाटाड्या म्हणून कोण निवडला गेला? अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुस्लिम नव्हता, मूर्तिपूजक होता. पण वाळवंटाच्या वाटा त्याला पाठ होत्या आणि तो वचनाचा पक्का होता. प्रेषितांनी आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी आपल्या उंटिणी त्याच्या स्वाधीन केल्या, आणि ठरल्याप्रमाणे तीन रात्रींनंतर तो सौर गुहेपाशी हजर झाला.

आपल्या पुण्याच्या इतिहासातही याच समजुतीचे एक उदाहरण आहे. १९१६ साली स्वराज्यावरील भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लोकमान्य टिळकांना वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा मुचलका आणि जामीन देण्याचा हुकूम केला. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते. तरी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मुहम्मद अली जिना. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. पुढच्या राजकारणाच्या वाटा वेगळ्या झाल्या, तो विषय निराळा. त्या दिवशी सदाशिव पेठ-नारायण पेठेतल्या पुण्याने वकिलाचा धर्म विचारला नव्हता.

सही करण्याआधी काय पाहावे

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडलात की काही पावलांतच "काय काम आहे, साहेबांकडे नेतो" म्हणणारा कोणी भेटू शकतो. तेथे थांबू नका. वकिलाला गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी दलाल ठेवणे किंवा जाहिरात करणे व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. जो पहिल्याच पायरीवर नियम मोडतो, तो पुढे आपल्यासाठी नियम पाळील अशी आशा कशी धरावी?

हजरत उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न येथे लावा. ज्यांचे दावे त्या वकिलांनी चालवले आहेत अशा दोघा-तिघांना भेटा. ते तारखेला हजर राहत होते का? पैशाची पावती देत होते का? कागद मागितल्यावर देत होते का? आपल्या दाव्याच्या प्रकारचे काम ते करतात का, हेही विचारा. वारसाहक्काचा दावा, कौटुंबिक न्यायालयातील प्रकरण, फौजदारी खटला आणि वक्फची बाब ही सर्व वेगवेगळी कामे आहेत. वकिलीसाठी १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या वकील परिषदेत नोंदणी लागते. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच नको.

फी लेखी ठरवा. आपापसातील देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवा, ही आज्ञा कुरआनच्या सर्वांत दीर्घ वचनात (२:२८२) आली आहे. अनेकांना वाटते की पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. तसे असते तर अल्लाहने ईमानवाल्यांना उद्देशून ही आज्ञा दिली नसती. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (सल्ल.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे शिकवले. पावती म्हणजे उंटाची दोरी. आणि "जिंकलो तर इतके टक्के माझे" असा सौदा कोणी पुढे केला तर सावध व्हा. निकालावर फी ठरवणे किंवा दाव्यातील मालमत्तेत वाटा घेणे भारतीय वकिलांना त्यांच्या व्यवसायाचे नियम मना करतात.

मूळ कागद हाताबाहेर देऊ नका. जेथे मूळ प्रत न्यायालयात द्यावीच लागते तेथे तिची छायाप्रत आणि पोच आपल्याकडे ठेवा. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मागून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या मोफत ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले हे घरबसल्या दिसते. त्या भगिनींच्या मुलाला हे दोन वर्षे आधी कोणी सांगितले असते तर? मी सांगू शकलो असतो. मला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हे मी मान्यही केले नव्हते.

आपण वकिलाकडून काय मागतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विश्वासू वकील शोधणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की मला खरोखर विश्वासू वकील हवा आहे का? कारण अनेकदा आपण वकिलाच्या कार्यालयात शिरताच विचारतो, "काहीही करून जिंकून द्याल ना?" या "काहीही करून"मध्ये खोटा साक्षीदार येतो, मागची तारीख घातलेला कागद येतो, कोणाच्या तरी टेबलाखाली जाणारे पाकीट येते. प्रेषितांनी (सल्ल.) लाच देणारा आणि घेणारा दोघांचाही धिक्कार केला आहे. जो वकील आपल्यासाठी न्यायालयाशी खोटे बोलायला तयार होतो, त्याने आपल्याशी खरे बोलावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

सूरह निसाच्या १०५ ते १०९ या वचनांमागे मदीनेतील एक चोरी आहे. भाष्यकारांनी नोंदवलेल्या प्रसिद्ध वृत्तांतानुसार एका मुस्लिम घराण्यातील माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका निरपराध यहुदीवर घातला. चोराचे नातलग त्याच्या बाजूने बोलायला एकत्र आले, कारण तो "आपला" होता. तेव्हा वचने अवतरली आणि प्रेषितांनाच (सल्ल.) सांगितले गेले की दगाबाजांच्या वतीने वाद घालणारे होऊ नका. शेवटी नातलगांना बजावले गेले की, या जगात तर तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात; कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर त्यांचा वकील कोण होणार? मूळ वचनात वकील हाच शब्द आहे.

उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित (सल्ल.) म्हणाले की मीही माणूस आहे. तुम्ही तंटे घेऊन येता, एखादा दुसऱ्यापेक्षा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि मी ऐकले त्यावरून निवाडा देतो. पण त्यात भावाचा हक्क कोणाला मिळाला असेल, तर त्याने तो घेऊ नये. मी त्याला आगीचा तुकडा दिला आहे. विचार करा, प्रेषितांच्या दरबारचा निकालही खोट्या बाजूने जिंकलेली वस्तू हलाल करत नाही. मग शिवाजीनगरचा किंवा मुंबईचा निकाल बहिणीचा बुडवलेला हिस्सा आपल्यासाठी हलाल कसा करील? कुरआनने पत्नीचा, मुलीचा, बहिणीचा हिस्सा स्वतः ठरवून दिला आहे. तो हिरावण्यासाठी उत्तम वकील नेमणारा माणूस फी देऊन आग विकत घेत असतो.

म्हणून माझ्या मते विश्वासू वकिलाची सर्वांत मोठी खूण ही आहे की तो पहिल्या भेटीत आपल्याला न आवडणारे काहीतरी सांगतो. "हा मुद्दा कच्चा आहे", "यात वेळ लागेल", "येथे चूक तुमची आहे", "तडजोड करा". निकालाची हमी तो कधीच देत नाही, कारण निकाल त्याच्या हातात नाही. अशा वकिलाला सोडून हमी देणाऱ्याकडे जाणारे आपणच असतो.

आपली बाजूही अमानत आहे. वकिलाला पूर्ण सत्य सांगा, अडचणीचे असले तरीही. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट कायदा गोपनीय मानतो; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे संरक्षण आहे. बेकायदा कृत्य पुढे नेण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीला मात्र ते नाही. ठरलेली फी वेळेवर द्या. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण काळा कोट घालणाऱ्यालाही लागू आहे.

फसवणूक झालीच तर

निराश होऊन घरी बसणे हा सब्र नव्हे. पक्षकाराला वकील बदलण्याचा अधिकार आहे. फीच्या वादापायी वकील पक्षकाराचे कागद अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. गैरवर्तनाची तक्रार वकील परिषदेकडे करता येते. आणि १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याने आपल्याकडून सर्व काही केले आहे अशा निरपराध पक्षकाराला केवळ वकील हजर राहिला नाही म्हणून शिक्षा होऊ नये. पण याचा अर्थ पक्षकाराने डोळे मिटून राहावे असा नाही. पुढच्या काही निकालांत न्यायालयांनी त्याच्याकडूनही जागरूकतेची अपेक्षा ठेवली आहे. काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करण्याच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत असते. त्यानंतर उशिराचे कारण पटवून द्यावे लागते.

पैसा नाही म्हणून कोणीही हक्क सोडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, कोठडीतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि इतर काही घटकांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच आहे आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे. तेथेच लोकअदालतीचा मार्गही खुला आहे. सुलह, म्हणजे सन्मानाने केलेला समेट, याला कुरआनने (४:१२८) भले म्हटले आहे. पण कमकुवताला दडपून गप्प करणे म्हणजे सुलह नव्हे.

त्या भगिनींना मी याच कार्यालयात घेऊन गेलो. त्यांना मिळालेल्या वकील एक हिंदू भगिनी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "उशीर फार झाला आहे. प्रयत्न करू, खात्री देत नाही." लेखी मागणी केल्यावर आधीच्या वकिलांनी कागद परत केले. उशीर माफ होऊन दावा पुन्हा पटावर आला. निकाल अजून लागायचा आहे. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी त्या वकील भगिनी स्वतः फोन करून काय झाले ते सांगतात.

मी त्या माय-लेकाची क्षमा मागितली. तेव्हापासून कोणी भरवशाचा वकील विचारला, तर ज्यांचा व्यवहार मला माहीत नाही त्यांचे नाव मी घेत नाही. "मला माहीत नाही, चला, मिळून चौकशी करू," एवढेच म्हणतो. इमामासाठी हे वाक्य अवघड आहे, पण खोट्या खात्रीपेक्षा ते हलके आहे.

आपल्यापैकी जे वकील आहेत, आणि आझम कॅम्पसपासून आयएलएसपर्यंत जी मुले-मुली कायदा शिकत आहेत, त्यांना एकच विनंती आहे. एखादी विधवा जेव्हा आपल्या टेबलावर घराचे कागद ठेवते, तेव्हा अल्लाहच्या एका शुभनामाशी जोडलेला शब्द ती आपल्यासाठी वापरत असते. त्या शब्दाची लाज राखा.

हे अल्लाह, आमच्या हक्कांचे रक्षण कर आणि आमच्या हातून कोणाचाही हक्क बुडू देऊ नकोस. आम्हाला सामर्थ्यवान आणि अमानतदार मदतनीस दे, आणि आम्हालाही इतरांसाठी तसेच बनव. ज्या दिवशी कोणाचीही वकिली चालणार नाही, त्या दिवशी तूच आमचा वकील हो. आमीन.